मासाच्चोचं रिटर्न

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी माणसात नसते, हे घरच्यांना आता पाठ झालंय. एकोणीस वर्षं झाली टॅक्सचं काम करतेय, ऑफिस सांगलीत, क्लायंट म्हणजे दुकानदार, दोन-तीन डॉक्टर, एक लग्नाचे फोटो काढणारा पोरगा, असे सगळे. ३१ तारीख डोक्यावर आली की हे लोक एकदम जागे होतात आणि प्लास्टिकच्या पिशव्यांतून कागद यायला लागतात, त्यात लाइट बिल असतं, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका असते, मुलाच्या फीची पावती असते, फक्त जे हवं ते नसतं.

अशाच एका जुलैत रात्री साडेअकराला डोकं चालेना म्हणून फोनवर काहीतरी भलतंच वाचत बसले होते, तर त्यात एका माणसाचं रिटर्न समोर आलं. वय २५. धंदा चित्रकार. सोबत आई आणि धाकटा भाऊ. घर भाड्याचं, वर्षाला १० फ्लोरिन, म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं. कामासाठी एका दुकानाचा थोडा भाग घेतलेला, त्याचे २ फ्लोरिन. एका दुसऱ्या चित्रकाराचं १०२ लिरा देणं. हाताखाली काम केलेल्या माणसाचे ६ फ्लोरिन थकलेले. शिवाय गहाणवटीच्या पेढीचं देणं. गाव फ्लॉरेन्स, साल १४२७. आणि महिना कुठला, तर जुलै!

मी एकटीच हसले. सहाशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण प्रोफाइल बघा, डिट्टो आमचा फोटोग्राफर. कॅमेऱ्याचा हप्ता, असिस्टंटचे पैसे बाकी, स्टुडिओ अर्धा दुसऱ्याचा, आणि वर "मॅडम बघा ना काय कमी करता येतंय का".

तर हा चित्रकार म्हणजे मासाच्चो. खरं नाव तोम्माझो. तोम्माझोचं लाडाचं मासो, आणि त्याला पुढे "आच्चो" लावलं की आपल्याकडे गण्या-पम्याला जो सूर येतो तो येतो, म्हणजे गबाळा मासो. जॉर्जो वाझारीनं शंभरेक वर्षांनी या सगळ्या चित्रकारांची चरित्रं लिहिली, त्यात तो म्हणतो की या पोराला चित्राशिवाय कशाचंच भान नसायचं, कपड्यांचं नाही, पैशाचं नाही, उधारी वसूल करायलासुद्धा अगदी गळ्याशी आल्याशिवाय जायचा नाही. वाझारी बराच मीठमसाला लावतो हे मान्य, पण हे रिटर्न बघितल्यावर मला त्याचं पटतं.

आता ते रिटर्न कुठून आलं ते सांगते, कारण माझा खरा जीव तिथेच अडकलाय.

फ्लॉरेन्स तेव्हा मिलानच्या व्हिस्कोंतींशी लढत होतं. १४२४ मध्ये झागोनारा नावाच्या गावाजवळ सपाटून मार खाल्ला, तिजोरीत खडखडाट, आणि पैसा उभा करायची जुनी पद्धत अशी की शेजारपाजारची मोठी माणसं बसून ठरवणार, याची ऐपत इतकी आणि त्याची तितकी. म्हणजे ओळख असेल तर कमी, नसेल तर मर मेल्या. त्यावर बोंबाबोंब झाली आणि मे १४२७ मध्ये कायदा आला, कातास्तो. प्रत्येक घरानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, काय आहे आणि काय देणं आहे. जमीन, घरं, व्यापारातला वाटा, सरकारी कर्जरोखे, बैल, खेचरं, सगळं. जमिनीचं उत्पन्न वर्षाला ७ फ्लोरिन असेल तर तिची किंमत १०० धरायची. राहतं घर सोडून द्यायचं. कर्ज वजा करायचं. आणि घरातल्या प्रत्येक माणसामागे २०० फ्लोरिन वजावट. या माणसांना त्यांच्या कागदांत काय शब्द आहे माहितीये? "बोक्के". म्हणजे तोंडं. खाणारी तोंडं! मी खुर्चीतून उठून नवऱ्याला उठवून सांगितलं, तो म्हणाला झोप आता. उरलेल्या शंभर फ्लोरिनवर अर्धा फ्लोरिन कर. टॅक्सचा कायदा म्हणून बघितला तर सुरेख आहे हो, आजही बसून लिहायला सांगितलं तर यापेक्षा साधा जमणार नाही.

फ्लॉरेन्सच्या ताब्यातल्या अख्ख्या मुलखातून साठ हजार घरांची नोंद झाली, अडीच लाखांच्या वर माणसं. फ्लॉरेन्स शहर तेव्हा सदतीस-अडतीस हजारांचं, म्हणजे १३४८ च्या प्लेगाआधी होतं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. ते कागद फ्लॉरेन्सच्या सरकारी दप्तरात अजून आहेत. यादीत सगळ्यात वर पाल्ला स्त्रोत्सी, त्याची मालमत्ता लाख फ्लोरिनच्या पुढे, आणि त्याच ढिगात खाली कुठेतरी हा २५ वर्षांचा पोरगा. विधवा, चांभार, लोकर विंचरणारे, सगळ्यांनी लिहून दिलंय, आणि बऱ्याच जणांनी आकड्यांच्या खाली रडगाणंही जोडलंय, म्हातारा झालो, मुली लग्नाच्या आहेत, दया करा. हे वाचताना एक क्षणही परकं वाटत नाही.

मुलींच्या लग्नावरून आठवलं. याच लढाईच्या पैशासाठी १४२५ मध्ये सरकारनं एक हुंडा फंड काढला होता. मुलगी लहान असताना पैसे ठेवा, साडेसात किंवा पंधरा वर्षांनी लग्नाला वाढून घ्या. आपल्या सुकन्या समृद्धीची खापरपणजीच. फक्त सुरुवातीला नियम असा होता की मुलगी मधेच गेली तर मुद्दलही सरकारचं. प्लेग दर थोड्या वर्षांनी परत येणाऱ्या गावात ही अट! लोकांनी अर्थातच फार उत्साह दाखवला नाही, पुढे १४३३ मध्ये नियम सैल करावे लागले. कुठल्याही स्कीमचा बारीक टाइप आधी वाचावा, हे मी क्लायंटना सांगून थकले, ते लोक १४२५ मध्येच शिकले होते.

आता मासाच्चो. जन्म २१ डिसेंबर १४०१, फ्लॉरेन्सच्या बाहेर आर्नो नदीच्या खोऱ्यातलं एक गाव, तेव्हाचं कास्तेल सान जोव्हान्नी. बाप नोटरी. पोरगा पाच वर्षांचा व्हायच्या आत बाप गेला, धाकटा भाऊ त्याच वर्षी जन्मला आणि त्याला बापाचंच नाव ठेवलं, जोव्हान्नी. आई याकोपानं मग एका वयस्कर औषधविक्याशी लग्न केलं, तोही काही वर्षांनी गेला. म्हणजे रिटर्नमध्ये जी आई दिसते ती दोनदा विधवा झालेली बाई आहे. आणि गंमत म्हणजे चित्रकारांची वेगळी संघटना तिथे नव्हतीच, ते डॉक्टर आणि औषधविक्यांच्या गिल्डमध्ये, कारण रंगाची पूड त्याच दुकानात मिळायची. जानेवारी १४२२ मध्ये मासाच्चो त्या गिल्डात दाखल झाला, वय वीस. त्यानंतर जेमतेम साडेसहा वर्षं जगला. जे काही केलं ते त्या साडेसहा वर्षांत.

काय केलं, ते बघायला मी गेले होते. नणंद म्युनिकला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा चार दिवस इटली जोडून घेतलं. बाकीची मंडळी मोठ्या म्युझियमच्या रांगेत, मी एकटी नदी ओलांडून पलीकडे, सान्ता मारिया देल कार्मिने. बाहेरून चर्च बघितलं तर वाटतं गवंडी पैशावरून भांडून निघून गेले असावेत, दर्शनी भिंत नुसती ओबडधोबड, पूर्ण झालीच नाही. आतलं ब्रांकाच्ची चॅपल बघायला वेळ ठरवून घ्यावी लागते, थोडीच माणसं एका वेळी सोडतात. खोली म्हणावी तर लहानच. आपल्या जुन्या वाड्यातलं माजघर म्हणा.

आणि आत शिरल्या शिरल्या कोपऱ्यात, वर, एक अरुंद उभी पट्टी, आदम आणि ईव्ह स्वर्गाच्या दारातून बाहेर पडतायत. आदमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय. ईव्हचं तोंड उघडं, डोळे नुसते खोबणीतल्या सावल्या. एवढंच. समोरच्या भिंतीवर तीच जोडी आहे, फळ खायच्या आधीची, ती मासोलिनोनं काढली, मासाच्चोपेक्षा वयानं मोठा, कामातला जोडीदार (तोही तोम्माझोच, पण त्याचा झाला मासोलिनो, म्हणजे छोटा मासो, नाजूक). मासोलिनोचे आदम-ईव्ह छान आहेत, गोरेगोमटे, स्वच्छ, फोटोला उभे राहिल्यासारखे, पाय जमिनीला लागलेत असं काही वाटत नाही. आणि मग मान वळवून इकडे बघायचं. इकडच्या आदमचं पोट आत ओढलं गेलंय, हुंदका येतो तेव्हा जातं तसं. मी माझ्या वडिलांना एकदाच रडताना बघितलंय, आजी गेली तेव्हा, मागच्या दारात पाठ करून उभे होते. चेहरा दिसत नव्हता, पोट दिसत होतं. मला त्या चॅपलमध्ये ते आठवलं आणि तिथल्या बाकी लोकांसमोर थोडी पंचाईत झाली.

मधल्या काळात, १६८० च्या सुमाराला, कुणा शहाण्यानं या दोघांना पानं चिकटवली होती, लाजेखातर. १७७१ च्या आगीत चर्च बरंच जळलं, हे चॅपल वाचलं पण काजळी बसली. १९८० च्या दशकात साफसफाई झाली तेव्हा पानं काढली. जुन्या पुस्तकांतल्या फोटोंत ते पानंवालेच काळपट आदम-ईव्ह दिसतात.

त्याच्या शेजारी मोठं चित्र, सुमारे सहा मीटर रुंद, करवसुलीचं. हो, टॅक्स कलेक्टरचं! बायबलमधल्या मॅथ्यूच्या पुस्तकातली गोष्ट, देवळाचा कर मागायला माणूस येतो, येशू आपल्या शिष्याला, पीटरला, सांगतो तळ्यावर जा, पहिला मासा धर, त्याच्या तोंडात नाणं असेल ते दे. मासाच्चोनं एकाच चौकटीत तिन्ही प्रसंग घातलेत. मधोमध येशू आणि शिष्यांचा घोळका, डावीकडे लांब पाण्याच्या काठी पीटर झगा बाजूला टाकून उकिडवा बसून माशाच्या तोंडात बोटं घालतोय, आणि उजवीकडे तोच पीटर वसुलीवाल्याच्या हातात नाणं ठेवतोय. नुसतं ठेवत नाहीये, दाबतोय. घे बाबा, आणि सुट. वसुलीवाला मधल्या घोळक्यात आपल्याकडे पाठ करून उभाय, आखूड अंगरखा, उघड्या पोटऱ्या, एक हात पुढे पसरलेला. शिष्य सगळे लांब जाड झग्यांत आणि हा एकटाच कामाच्या कपड्यांत. चाळीस घरं फिरून आलेल्या माणसाची ती उभं राहायची ढब आहे. मला तो अजिबात वाईट माणूस वाटला नाही, धंद्याचा पक्षपात म्हणा.

उजेड कुठून येतो तेही बघण्यासारखं आहे. चॅपलची खरी खिडकी जिकडे आहे, तिकडूनच चित्रात ऊन येतं आणि सावल्या त्याच्या उलट्या बाजूला पडतात. जमिनीवर पडलेल्या सावल्या. आता यात काय एवढं असं वाटेल, पण त्याआधीच्या वेदीवरच्या चित्रांत सोनं असायचं, मागे सगळीकडे सोन्याचा वर्ख, आणि सोन्यावर सावली पडत नाही. पाल्ला स्त्रोत्सीनंच १४२३ मध्ये जेंतिले दा फाब्रियानोकडून बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचं चित्र करून घेतलं होतं, त्यात इतकं सोनं आणि जरी आहे की लग्नाचा शालू बघतोय असं वाटतं. सुंदरच आहे, मला आवडतं. पण चारेक वर्षांच्या आत, त्याच गावात, हा गबाळा मासो एका उघड्या डोंगरापुढे पंधरा-वीस माणसं उभी करतो आणि प्रत्येकाचं वजन किलोत सांगता येईल असं वाटतं.

वजन हा शब्द मी उगाच नाही वापरला. या गावातली व्यापाऱ्यांची पोरं हिशेबाच्या शाळेत जायची, अबाको म्हणायचे, तिथे दहा-अकरा वर्षांच्या पोरांना शिकवायचे की पिंपाकडे बघून त्यात किती दारू मावेल ते कसं काढायचं, कापडाच्या गठ्ठ्याचं माप, भागीदारीतला वाटा, त्रैराशिक. शहरभर नजर अशी मोजायला बसलेली. वास्तुकार ब्रुनेलेस्की मधोमध कॅथिड्रलचा घुमट चढवत होता, १४२० ला सुरू झालेला, आणि दूरची वस्तू किती लहान काढायची याचं गणितही त्यानंच बसवलं होतं. मासाच्चोनं ते उचललं. सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर त्यानं जे त्रिमूर्तीचं चित्र केलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, त्यातली कमान इतकी चोख आहे की भिंत फोडून पलीकडे खोली काढलीय असं वाटतं, हे वाझारी म्हणतो आणि त्याच वाझारीनं १५७० च्या सुमाराला त्याच्यासमोर नवीन वेदी उभी करून ते झाकून टाकलं. पुढे तीनशे वर्षं कुणाला दिसलं नाही.

तर, करवसुलीचं चित्र आणि कातास्तो, दोन्ही एकाच काळातली. साहजिकच लोकांनी जोडणी केलीय, की हे चित्र म्हणजे नव्या कराची जाहिरात. मला नाही पटत. कायदा मे १४२७ चा, चॅपलचं काम त्याच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू झालेलं. शिवाय चित्राचे पैसे देणारं घराणं ब्रांकाच्ची, रेशमाचे व्यापारी, आणि रेशीम व्यापारी स्वखर्चानं टॅक्सची जाहिरात करतोय हे मी तरी बघितलेलं नाही. पण एक आहे. त्या भिंतींवर पैसा सारखा येतो. करवसुली झाली, आणि वेदीच्या बाजूला खाली दुसरं चित्र आहे, त्यात पीटर गरिबांना वाटप करतोय, एक बाई कडेवर पोर घेऊन हात पुढे करतेय, पोराचं ढुंगण उघडं, आणि पायाशी एक माणूस मरून पडलाय. तो अनानिया. जमीन विकली, सगळे पैसे दिले असं सांगितलं आणि थोडे मागे ठेवले. तिथल्या तिथे गतप्राण. म्हणजे उत्पन्न लपवलं! रिव्हाइज्ड रिटर्नची सोयच नाही. आमच्या काही क्लायंटना या चित्राचं कॅलेंडर भेट द्यावं असं फार मनात आहे.

त्याच्याच जोडीचं, वेदीच्या दुसऱ्या बाजूचं चित्र मात्र मला सगळ्यात जास्त आवडतं. पीटर रस्त्यानं चाललाय आणि त्याची सावली पडेल तो आजारी माणूस बरा होतोय. गल्ली फ्लॉरेन्सचीच, ओबडधोबड दगडांच्या तळमजल्याची घरं. रस्त्याच्या कडेला पांगळा बसलाय, पाय वाळलेले. पीटर त्याच्याकडे बघत नाहीये. सरळ समोर बघत चाललाय. तुम्ही म्हणाल दया कुठेय यात, पण मला उलट वाटतं, तो जर वाकून डोक्यावर हात ठेवत असता तर मी बघून पुढे गेले असते. सावली पडते तेवढी पुरे.

पैशाचं म्हणाल तर मासाच्चोला कामं मिळत होती, बरीही होती. १४२६ मध्ये पिसाच्या एका नोटरीनं वेदीचं मोठं चित्र सांगितलं, ८० फ्लोरिनला. पैसे हप्त्याहप्त्यानं, आणि त्या नोंदी शिल्लक आहेत. एक हप्ता सरळ दोनातेल्लोकडे गेला, तो मूर्तिकार, तेव्हा पिसातच होता. ऑक्टोबरमध्ये नोटरीचा धीर सुटला असावा, त्यानं लिहून घेतलं की हे पूर्ण होईपर्यंत दुसरं काम धरणार नाही. हे वाचून माझ्या डोळ्यांसमोर आमचा फोटोग्राफर आणि अल्बमसाठी आठ महिने थांबलेलं एक जोडपं उभं राहिलं. पुढे ते पिसाचं चित्र सुटं करून विकलं गेलं, मधली मेरी लंडनला, वरचं क्रूसावरचं नेपल्सला, खालच्या पट्ट्या बर्लिनला, पिसात एकटा संत पॉल उरलाय.

चॅपलही अपुरंच राहिलं. मासोलिनो १४२५ मध्येच हंगेरीला गेला, परत आला, मग दोघंही रोमच्या कामावर गेले. फेलिचे ब्रांकाच्ची, ज्याच्या काळात हे काम झालं, तो मोठा माणूस, १४२२ मध्ये फ्लॉरेन्सचा वकील म्हणून कैरोला सुलतानाकडे गेलेला, पुढे पाल्ला स्त्रोत्सीचा जावई. आणि इथेच त्याची पत्ती चुकली. १४३४ मध्ये स्त्रोत्सींचा विरोधक कोझिमो दे मेदिची हद्दपारीतून परत आला, स्त्रोत्सी हद्दपार, जावई हद्दपार, दोन वर्षांनी बंडखोर म्हणून जाहीर. चॅपलच्या चित्रात या घराण्याच्या माणसांचे चेहरे होते, तेही खरवडले गेले. ती भिंत अर्धवट तशीच, पन्नासेक वर्षांनी फिलिप्पीनो लिप्पीनं पूर्ण केली. पुढे हे चॅपल पोरांची शाळाच झालं, चित्रकला शिकणारा जो तो इथे येऊन नक्कल करायचा, मिकेलान्जेलोसुद्धा. त्याचं नाक फोडलं ते सोबत शिकणाऱ्या तोर्रिज्यानोनं, इथेच चित्रं काढताना झालेल्या भांडणात.

मासाच्चो मात्र १४२८ मध्ये रोमला गेला आणि तिथेच वारला. सव्वीस वर्षांचा. विष घातलं वगैरे बोललं गेलं, वाझारीनंही ते लिहून ठेवलंय, पण तरुण माणूस परगावी पटकन गेला की लोक असं बोलतातच.

मला त्यापेक्षा त्याच्या मागे राहिलेला कागद जास्त लागतो. ते १०२ लिरांचं देणं आठवतंय? तो घेणेकरी, निक्कोलो दी सेर लापो, त्यालाही पुढच्या कातास्तोला आपलं रिटर्न भरायचं होतं. येण्यांच्या यादीत त्यानं मासाच्चोच्या वारसांचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, की तो रोममध्ये वारला, मला काही मिळेल की नाही ठाऊक नाही, कारण भाऊ म्हणतो मी त्याचा वारस नाही.

म्हणजे जोव्हान्नीनं हात वर केले. कायद्यानं शहाणपणाचंच, वारसा नाकारला की कर्जही येत नाही, मीही त्याला हेच सांगितलं असतं. तोही चित्रकारच, लग्नातल्या पेट्या आणि बाळंतिणीला द्यायचे रंगीत तबक रंगवायचा, ऐंशीपर्यंत जगला. १४४९ मध्ये कोझिमोचा नातू लोरेन्झो दे मेदिची जन्मला तेव्हाचं तबक त्याच्याच हातचं, आता न्यूयॉर्कला आहे, स्वच्छ, सोनेरी, गिऱ्हाइकाला हवं तसं.

आणि मासाच्चोच्या स्वतःच्या नोंदीवर कातास्तोच्या कारकुनानं नंतर केव्हातरी दोन-चार शब्द घातले, दिचेसी ए मोर्तो आ रोमा. रोममध्ये वारला म्हणतात. आमच्या ऑफिसात क्लायंट गेल्याचं कळलं की फाइलवर नावाआधी पेन्सिलीनं "कै." लिहितात, सर्टिफिकेट आलं की मग पेननं.